लाल काजवे कुठून आले?

जूनचा पहिला आठवडा. राजमाचीच्या वाटेवर, उधेवाडीच्या अलीकडचं रान. पाऊस अजून लागला नव्हता, पण हवा इतकी दमट की कॅमेऱ्याचा पट्टा मानेला चिकटत होता. काजवे मात्र ऐन भरात होते. झाडंच्या झाडं एका तालात उजळत होती आणि विझत होती. ट्रायपॉड रोवला, शटर ३० सेकंद उघडं राहील असं लावलं आणि एकामागून एक ४० फोटो काढले. घरी येऊन ते कॉम्प्युटरवर एकावर एक रचले आणि तयार झालेला फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अंगठे आले, टाळ्या आल्या.

शाळा उघडायला अवकाश होता, त्यामुळे भाची मुक्कामाला होती. तिने तोच फोटो माझ्या लॅपटॉपवर उघडला, माऊसचं चाक फिरवत फिरवत पार आत शिरली आणि म्हणाली, "मामा, लाल काजवे पण असतात का रे?"

आपल्या रानातले काजवे पिवळट-हिरवा उजेड देतात. लाल नाही, निळा तर नाहीच. पण फोटोत लाल ठिपके होते, निळे होते, गुलाबीसर होते, आणि एकदा नजरेला पडल्यावर मला दुसरं काही दिसेना. (व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवतं, त्यात ते ठिपके विरघळून गेले होते. म्हणून ग्रुपवर कुणाच्या लक्षात आलं नाही.) काही ठिपके तर काळ्याभोर कातळाच्या मधोमध बसले होते.

आधी वाटलं लेन्सवर धूळ आहे. मग वाटलं कुठल्या तरी दिव्याचं प्रतिबिंब. मग कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने फोटोकडे एक नजर टाकली आणि "सेन्सर गेलाय, बदलावा लागेल" असं सांगून (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चकती) जो आकडा उच्चारला तो ऐकून मी कॅमेरा पिशवीत घातला आणि घरी आलो. सेन्सर गेला नव्हता. तुमच्याही कॅमेऱ्यात रात्रीच्या फोटोत असे ठिपके येत असतील, तर तुमचाही गेलेला नसण्याचीच शक्यता जास्त.

खात्री करायला एक पैसा लागत नाही. लेन्सवर झाकण लावा. आयएसओ (कॅमेरा फोटो किती पटीने उजळवतो तो आकडा) आणि शटरची वेळ रात्रीच्या फोटोला होती तेवढीच ठेवा आणि फोटो काढा. डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, असेल तर डोळा लावायची काचही कापडाने झाका, तिथून उजेड आत झिरपतो. आता जो फोटो येईल तो काळाकुट्ट असायला हवा, कारण आत उजेडाचा कणही गेलेला नाही. तो उघडून शंभर टक्के आकारात बघा. काळ्यावर लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतील, आणि ते रात्रीच्या फोटोतल्या ठिपक्यांच्या अगदी त्याच जागी असतील. म्हणजे ते बाहेरून आलेले नाहीत, कॅमेऱ्याच्या पोटातच तयार झालेत. धुळीचा आणि यांचा काही संबंध नाही. सेन्सरवरची धूळ राखाडी, पुसट डाग देते, आणि तीही बहुधा दिवसाच्या फोटोत, आकाशाच्या निळ्यावर. दिव्याचं प्रतिबिंब मोठं आणि पसरट असतं, कॅमेरा वळवला की सरकतं. हे ठिपके सरकत नाहीत. ही 'सरकत नाहीत' गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळे उपाय तिच्यावरच उभे आहेत.

या ठिपक्यांना फोटोग्राफर हॉट पिक्सेल म्हणतात. नाव ऐकून वाटतं तो पिक्सेल बाकीच्यांपेक्षा तापलेला असतो. तसं नाही. गरम सगळेच सारखे असतात, हा उष्णतेपुढे जास्त हळवा असतो इतकंच.

२४ मेगापिक्सेलचा सेन्सर म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर आखलेली ६,००० गुणिले ४,००० घरांची चौकट, एकूण दोन कोटी चाळीस लाख घरं. एक घर म्हणजे एक पिक्सेल. मधल्या आकाराच्या सेन्सरवर एका घराची रुंदी साधारण ४ मायक्रॉन भरते. माणसाच्या केसाच्या जाडीत अशी पंधरा-वीस घरं बसतील. प्रकाशाचा कण घरात पडला की तो सिलिकॉनमधला एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. शटर उघडं असेपर्यंत प्रत्येक घर आपापले इलेक्ट्रॉन साठवत राहतं आणि शेवटी कॅमेरा ते मोजतो. ज्या घरात जास्त, ते फोटोत उजळ. विजेच्या रूपात चित्र साठवण्याची ही युक्ती विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये शोधली. सीसीडी नावाच्या त्या सेन्सरसाठी दोघांना २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आज बहुतेक कॅमेऱ्यांत सीसीडीच्या जागी सीमॉस सेन्सर असतो, पण इलेक्ट्रॉन साठवा आणि मोजा, हे गणित तेच आहे.

गोम मोजणीत आहे. कॅमेरा फक्त इलेक्ट्रॉन मोजतो. तो कुणी मोकळा केला, उजेडाने की आणखी कशाने, हे त्याला कळायला मार्गच नाही. आणि सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करणारं आणखी एक कुणीतरी सतत हजर असतं, ते म्हणजे उष्णता.

इथे थोडे आकडे लागतील. सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनला जागेवरून सुटायला सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. लाल प्रकाशाच्या एका कणात जवळपास १.८ असते, जांभळ्यात ३ च्या आसपास, म्हणजे उजेडाचं काम एका धक्क्यात होतं. उलट साध्या खोलीच्या तापमानाला अणूंच्या थरथरीतून मिळणारी ऊर्जा असते ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, लागते त्याच्या पंचेचाळीसाव्या भागाइतकी. शेताचा बांध माणसाच्या उंचीपेक्षा उंच आणि अलीकडे कोंबड्या उड्या मारतायत, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. बहुतेक उड्या फुकट जातात. पण कोंबड्या कोट्यवधी असतील आणि रात्रभर उड्या मारत असतील, तर त्यातली एखादी अधूनमधून पलीकडे पडतेच. अंधारातही सेन्सरमध्ये असे इलेक्ट्रॉन एकेक करून जमत राहतात. याला डार्क करंट म्हणतात.

हे प्रत्येक घरात होतं, पण चांगल्या घरात इतकं कमी की दिसत नाही. हॉट पिक्सेलमध्ये मात्र बांधाला मध्येच एक दगड निघालेला असतो. सिलिकॉनचा स्फटिक कितीही शुद्ध केला तरी कुठेतरी लोखंडाचा किंवा तांब्याचा एखादा अणू अडकून राहतो, कुठे अणूंची ओळ चुकलेली असते. अशा खोटीपाशी इलेक्ट्रॉनला निम्म्या उंचीवर टेकायला जागा मिळते. एका उडीत दगडावर, दुसऱ्या उडीत पलीकडे. मग त्या एका घरात शेजाऱ्यांच्या शेकडोपट इलेक्ट्रॉन जमू शकतात. १० हजार घरांत एकच असं खोट असलेलं धरलं तरी २४ मेगापिक्सेलमध्ये २,४०० ठिपके होतात. त्यामानाने माझ्या फोटोत कमीच होते म्हणायचे.

मग दिवसा हे का दिसत नाहीत? स्वयंपाकघरातला नळ गळत असतो, दर काही सेकंदांनी एक थेंब. पेला भरून घेताना त्या थेंबाची दखल कोण घेतं? रात्री नळाखाली बादली ठेवून झोपा, सकाळी ती अर्धी भरलेली मिळेल. दिवसा शटर एका सेकंदाच्या दोनशेव्या भागापुरतं उघडतं. रात्री ३० सेकंद. गळतीला सहा हजार पट जास्त वेळ मिळाला, आणि वर बाहेरून येणारा उजेड इतका थोडा की गळतीच त्याच्यापेक्षा वरचढ ठरली. कॅमेरा तोच, पिक्सेल तेच.

यावरून आयएसओबद्दलचा एक गैरसमजही दूर होतो. 'आयएसओ कमी ठेवा, ठिपके जातील' असा सल्ला सर्रास मिळतो. आयएसओ म्हणजे जमलेल्या इलेक्ट्रॉनच्या आकड्याला नंतर किती पटीने वाढवायचं, एवढंच. आयएसओ ३२०० ला ३० सेकंद आणि आयएसओ ४०० ला ४ मिनिटं, दोन्ही फोटो सारखेच उजळ येतील. पण दुसऱ्यात नळाला आठपट वेळ मिळाला, म्हणजे उजेड आठपट आणि गळतीही आठपट. दोघांचं प्रमाण तसूभरही बदललं नाही. फरक पडतो तो सेकंदाला येणारा उजेड वाढवला तर. लेन्सचं तोंड एफ ५.६ ऐवजी एफ २.८ इतकं मोठं उघडलं की चौपट उजेड येतो आणि गळती होती तेवढीच राहते. रात्रीच्या फोटोसाठी लोक मोठ्या तोंडाच्या महागड्या लेन्स घेतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरा फरक पडतो तापमानाने, आणि तो साधासुधा नाही. ढोबळ नियम असा की सेन्सर ६ ते ८ अंशांनी तापला की डार्क करंट दुप्पट होतो. दुपटीचा हिशोब फसवा असतो. २० अंशांनी तापमान वाढलं तर गळती वीस टक्क्यांनी वाढत नाही, सहा ते दहा पट होते. आपल्याकडे आकाशगंगेचा गाभा टिपायचा मोसम म्हणजे पावसाळ्याच्या आधीचे महिने, आणि काजव्यांचा मोसम मे अखेर ते जूनचा मध्य. म्हणजे रात्रीचे फोटो काढायला आपण नेमक्या त्याच रात्री बाहेर पडतो, ज्या कॅमेऱ्याला सगळ्यात वाईट. युरोपातल्या एखाद्या फोटोग्राफरचं 'मला कधी असे ठिपके आले नाहीत' हे वाचून खट्टू होऊ नका. त्याने बहुधा बर्फात उभं राहून फोटो काढलाय.

शिवाय सेन्सरचं तापमान म्हणजे बाहेरच्या हवेचं तापमान नव्हे. कॅमेरा आतून स्वतःच तापतो. मागच्या स्क्रीनवर बघत बघत दहा मिनिटं चौकट जुळवली, थोडा व्हिडिओ घेतला, मग सलग ४० फोटो काढले, की आतला सेन्सर हवेपेक्षा बराच गरम झालेला असतो. माझ्या त्या ४० फोटोंतला पहिला आणि शेवटचा शेजारी शेजारी ठेवून बघितले. पहिल्यात ठिपके शोधावे लागत होते. शेवटच्यात न शोधता दिसत होते आणि एका काठाला जांभळट झाकही आली होती. ती झाक बहुधा सेन्सरच्या कडेला बसलेल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे येते. म्हणून चौकट जुळवून झाली की स्क्रीन मिटवा, डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट दृश्य) बंद करा, मधूनमधून कॅमेऱ्याला चार मिनिटं श्वास घेऊ द्या. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात सेन्सर चौकट दाखवण्यासाठी सतत चालूच असतो, तिथे दोन फोटोंच्या मध्ये कॅमेराच बंद केलेला बरा. आणि दुपारी गाडीच्या डिकीत भाजत पडलेला कॅमेरा रात्री बाहेर काढून लगेच कामाला लावू नका.

आता भाचीच्या खऱ्या प्रश्नाकडे. लाल का? उष्णतेने सुटलेल्या इलेक्ट्रॉनला काही रंग नसतो. खरं तर सेन्सरच्या कुठल्याच घराला रंग कळत नाही, त्याला फक्त कमी-जास्त कळतं. रंग यावा म्हणून प्रत्येक घरावर एक इवलीशी रंगीत काच बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या या मांडणीचं पेटंट १९७६ चं आहे आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. चार घरांच्या प्रत्येक चौकोनात दोन हिरवी, एक लाल, एक निळी. माणसाचा डोळा हिरव्याच्या बाबतीत जास्त चोखंदळ असतो, म्हणून हिरव्या दोन. लाल काचेखालच्या घरात पुष्कळ इलेक्ट्रॉन जमले की कॅमेरा समजतो, इथे लाल उजेड पडला. काच लाल आहे ना, मग उजेड लालच असणार. त्या घरातला ऐवज आतूनच गळून साठलाय, हे त्याला कोण सांगणार?

भाचीला हे दाखवायला आम्ही तो लाल ठिपका ८०० टक्के मोठा केला. एवढ्या जवळून तो ठिपका राहत नाही, चौकोनांची छोटी नक्षी होते. मधोमध एक लालभडक चौकोन, त्याच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिकट लाल, आणि कोपऱ्यांवर आणखी फिकट. रांगोळीतल्या एका ठिपक्यावर बोट फिरलं की कसं होतं, तसं. हे पसरणं सेन्सरवर झालेलं नाही. प्रत्येक घराला एकच रंग माहीत असल्यामुळे उरलेले दोन रंग कॅमेरा शेजाऱ्यांना विचारून भरतो. हिरव्या घराने शेजारच्या लालला विचारलं, 'तुझ्याकडे किती?' आणि लालने फुगवलेला आकडा सांगितला. अफवा अशीच चार घरं पसरते. मग शेजारी ताऱ्याचा एक ठिपका मोठा करून पाहिला. लेन्स कितीही चांगली असली तरी ताऱ्याचा उजेड बऱ्याच घरांवर सांडतो, त्यात लाल, हिरवी, निळी सगळी येतात, म्हणून तारा मऊ आणि पांढुरका दिसतो. काजवा तर उडत असतो, त्याची एक रेघ किंवा हिरवट फुगा होतो. टाचणीच्या टोकासारखा तीक्ष्ण आणि एकाच शुद्ध रंगाचा फक्त हॉट पिक्सेल.

हिरवी घरं दुप्पट आहेत, मग हिरवे ठिपके जास्त दिसायला हवेत. मोजले तर ते जास्त असतातही. पण व्हाइट बॅलन्स जुळवताना, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग सावरताना, कॅमेरा लाल आणि निळ्या आकड्यांना बहुधा जास्त पटीने वाढवतो, त्यामुळे तेच डोळ्यात भरतात. वर हिरवे काजव्यांच्या गर्दीत लपतात, ते वेगळंच.

गावाकडे वाण्याकडे तेलाला बरणी घेऊन गेलं की वाणी आधी रिकाम्या बरणीचा धडा करायचा. एका पारड्यात बरणी, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे खडे-खिळे, काटा मध्यावर आला की मग तेल. म्हणजे गिऱ्हाईकाला बरणीच्या वजनाचे पैसे पडायचे नाहीत. हॉट पिक्सेलवरचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात प्रामाणिक उपाय हाच आहे. झाकण लावून काढलेला काळा फोटो म्हणजे रिकामी बरणी. त्यात प्रत्येक घराची गळती किती ते नोंदलेलं आहे. खऱ्या फोटोतून ती वजा केली की उरतं ते उजेडाचं. या काळ्या फोटोला डार्क फ्रेम म्हणतात.

तुमच्या कॅमेऱ्यात हे काम आपोआप करणारी सोय बहुतेक आहेच. मेनूत 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' किंवा अशाच नावाने सापडेल. ती चालू असली की एखाद सेकंदापेक्षा लांब फोटोनंतर कॅमेरा शटर मिटून तेवढ्याच वेळाचा दुसरा, काळा फोटो घेतो आणि वजाबाकी करून मगच कार्डावर लिहितो. हे मला माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट. हरिश्चंद्रगडावर चार मिनिटांचा फोटो काढला, शटर मिटल्याचा आवाज आला आणि स्क्रीनवर नुसतं 'बिझी'. एक मिनिट गेलं, दोन गेली. कॅमेरा हँग झाला असं समजून मी बॅटरी काढली. काळा फोटो अर्ध्यावर होता. पहिला चांगला फोटो कार्डावर गेलेलाच नव्हता, तो त्या चार मिनिटांसकट गेला.

एकच फोटो काढायचा असेल, किल्ल्याचा दरवाजा आणि वर तारे, तर ही सोय खुशाल चालू ठेवा. पण काजव्यांसाठी किंवा ताऱ्यांच्या रेघांसाठी ती बंदच हवी. कारण ३० सेकंद फोटो, ३० सेकंद काळा, असं आलटून पालटून झालं तर ताऱ्यांच्या रेघा तुटक येतात, जाळी लावल्यासारख्या. काजवे तुमच्या काळ्या फोटोसाठी थांबत नाहीत. अशा वेळी सलग फोटो काढून घ्या आणि सगळं संपलं की लगेच, तिथेच, कॅमेरा तेवढाच गरम असताना, झाकण लावून १५-२० काळे फोटो काढा. घरी जाऊन काढले तर चालत नाहीत. बरणी बदलली की धडाही बदलतो. तेवढीच वेळ, तोच आयएसओ आणि शक्य तितकं तेच तापमान हवं.

१५-२० कशाला, एक पुरे नाही का? पुरत नाही, कारण थेंब घड्याळाच्या ठोक्याला पडत नाहीत. एका मिनिटात शंभर, तर दुसऱ्यात नव्वद, तिसऱ्यात एकशेआठ. सरासरी गळती वजा करता येते, पण ही थरथर वजा होत नाही, उलट एका काळ्या फोटोची थरथर खऱ्या फोटोच्या थरथरीत मिसळते आणि अंधाऱ्या भागात ती एकूण १.४ पट होते. बऱ्याच काळ्या फोटोंची सरासरी काढली की तिच्यातली थरथर जवळजवळ निवते. कॅमेऱ्यातली आपोआपची सोय एकाच फोटोवर भागवते, म्हणून जाणकार तिच्यावर थोडे नाराज असतात.

फोटो एकावर एक रचणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत. काजव्यांच्या फोटोत रचताना 'लाइटन' पद्धत वापरतात, म्हणजे प्रत्येक जागी ४० पैकी सगळ्यात उजळ जे असेल ते ठेवायचं. काजवा एकाच फोटोत एका जागी असतो, हॉट पिक्सेल चाळीसही फोटोंत तिथेच. ४० मधली त्याची सगळ्यात वाईट अवस्था निवडून ठेवली जाते. माझ्या फोटोत नेमकं हेच झालं होतं. आकाशगंगेच्या फोटोत उलटं होतं. तिथे तारे जुळवून घेण्यासाठी प्रत्येक फोटो थोडा सरकवावा, फिरवावा लागतो. तारा आकाशाला चिकटलेला, हॉट पिक्सेल कॅमेऱ्याला. तारे एका जागी आणले की ठिपके चालायला लागतात आणि आकाशभर लाल-निळ्या तिरप्या रेघांचा पाऊस पडतो. यावर मुरलेले लोक दर काही फोटोंनंतर कॅमेरा मुद्दाम किंचित हलवतात. मग जुळवलेल्या फोटोंत प्रत्येक जागी ठिपका क्वचितच येतो आणि सॉफ्टवेअर त्याला 'हा एकटाच वेगळं बोलतोय' म्हणून बाजूला काढतं.

एवढं करायचं नसेल तर रॉ फाइल काढा, म्हणजे शेजाऱ्यांना न विचारता प्रत्येक घराचा आकडा जसाच्या तसा ठेवणारी फाइल. लाइटरूम हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर ती उघडतानाच अनेक हॉट पिक्सेल न विचारता पुसून टाकतं. म्हणून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसलेले ठिपके घरी गायब झाल्याचा अनुभव बऱ्याच जणांना येतो. डार्कटेबल आणि रॉथेरपी या फुकट सॉफ्टवेअरमध्येही यासाठी वेगळा फिल्टर आहे. जेपेगमध्ये मात्र अफवा शेजारच्या घरांत पसरून मुरलेली असते, तिथे एकेक ठिपका हाताने झाकावा लागतो. हे फिल्टर 'आजूबाजूला अंधार आणि एकच घर उजळ, म्हणजे खोटं' असं धरून चालतात. आता बारीक ताराही थोडाफार तसाच दिसतो. काही कॅमेऱ्यांची ही आतली सफाई इतकी कडक निघाली की ती रॉ फाइलमधले बारीक तारेच पुसायची. आकाशाचे फोटो काढणाऱ्यांनी अशा कॅमेऱ्यांना स्टार ईटर, म्हणजे ताराखाऊ, असं नाव ठेवलं होतं.

काही पिक्सेल लांब फोटोतच नव्हे, दिवसाच्या फोटोतही सतत पेटलेले असतात, त्यांना स्टक म्हणतात. कायमचे काळे ते डेड. कारखान्यातून निघताना प्रत्येक सेन्सरवर अशी काही घरं असतातच. त्यांची यादी करून कॅमेऱ्याला सांगितलेलं असतं की यांचं ऐकू नको, शेजाऱ्यांची सरासरी घे. ही यादी नव्याने करायची सोय ऑलिम्पस, फुजीफिल्म यांच्या कॅमेऱ्यांत 'पिक्सेल मॅपिंग' नावाने मिळते, पॅनासॉनिकमध्ये 'पिक्सेल रिफ्रेश' म्हणून. दोन मिनिटांचं काम आहे. दुकानात जाण्याआधी एवढं नक्की करून बघा.

यादी नव्याने करावी लागते, कारण ठिपके वयाबरोबर वाढतात. अवकाशातून सतत वैश्विक किरण येत असतात. त्यांच्यातून निर्माण झालेला एखादा वेगवान कण सिलिकॉनवर आदळला की स्फटिकातला अणू जागेवरून हलतो आणि बांधाला नवा दगड फुटतो. जमिनीवर वातावरणाचं जाड पांघरूण असतं, विमान १०-१२ किलोमीटर उंचीवर उडतं तिथे ते बरंच विरळ झालेलं असतं. कॅमेरा नुसता बॅगेत असला, बंद असला, तरी हे होतं. विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्राला उगाच दोष देऊ नका. त्याची भीती फिल्मच्या रोलला होती.

अवकाशात तर पांघरूणच नाही. हबल दुर्बिणीच्या कॅमेऱ्यांवर रोज नवे हॉट पिक्सेल तयार होतात. डार्क करंट दाबून ठेवायला तिच्या मुख्य कॅमेऱ्यांपैकी एकाचा सीसीडी उणे ८० अंशांच्या आसपास थंड ठेवलेला असतो. पण ठिपके बरे करायचा उपाय नेमका उलटा आहे. साधारण महिन्यातून एकदा शीतकरण थांबवून सेन्सरला खोलीच्या तापमानापर्यंत ऊब देतात. जागेवरून हललेल्या काही अणूंना त्या उबेत परत नीट बसायला वाव मिळतो आणि बरेच ठिपके विझतात. मग पुन्हा थंडी. हे वाचून कॅमेरा तव्यावर ठेवायला जाऊ नका. जेम्स वेब दुर्बिणीचं एक उपकरण तर ७ केल्व्हिनच्या खाली, म्हणजे उणे २६६ अंशांना चालतं. ते अवरक्त उजेड पाहतं, त्याच्या कणांत ऊर्जा फारच थोडी. तो टिपायचा तर बांधही ठेंगणा लागतो आणि ठेंगण्या बांधावरून कोंबड्या सहज उडतात.

'माझ्या फोनमध्ये तर असे ठिपके कधीच दिसत नाहीत,' हा प्रश्न हमखास येतो. फोनमध्येही हॉट पिक्सेल असतात. फक्त फोन तुम्हाला ते पाहू देत नाही. तो एक लांब फोटो काढण्याऐवजी अनेक छोटे काढतो, जुळवतो आणि वेगळं बोलणाऱ्याला गप्प करतो. गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये २०१९ मध्ये ताऱ्यांचे फोटो काढायची सोय आली. तिच्यातला चार मिनिटांचा फोटो म्हणजे खरं तर जास्तीत जास्त १६ सेकंदांचे १५ तुकडे. जे आम्ही लॅपटॉपसमोर बसून रात्री दोनपर्यंत करतो ते फोन खिशात जायच्या आत करून मोकळा होतो. थोडा राग येतो, पण काम चोख करतो.

माझे काजवे मी शेवटी नव्याने रचले. काळे फोटो तेव्हा काढलेले नव्हते, म्हणून ४० फोटोंत एकाच जागी कायम राहणारं जे जे होतं ते शोधून काढलं आणि भाचीला एकेक ठिपका दाखवून विचारत गेलो, हा काजवा की पाहुणा? उजवीकडे वरच्या कोपऱ्यातला सगळ्यात मोठा लाल मात्र तिने पुसू दिला नाही. त्याचं नाव तिने मंगळ ठेवलं.

नाताळच्या सुट्टीत ती परत आली तेव्हा मी नुकताच भंडारदऱ्याहून आलो होतो. काठावर १० अंश होते, बोटं वळत नव्हती. आयएसओ तोच, वेळ तीच ३० सेकंद. तिने फोटो उघडला, ताऱ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि सरळ उजव्या कोपऱ्यात गेली. मंगळ होता तिथेच होता. जूनमध्ये तो कुंकवाच्या टिकलीसारखा होता, आता विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकाएवढा उरला होता. मी तिला तापमानातल्या १८ अंशांच्या फरकाचा हिशोब सांगायला लागलो, पाच-सहा पट कमी वगैरे. तिने माऊस माझ्याकडे सरकवला. "मे महिन्यात परत बघू," म्हणाली.